पोचल्यावर बोलू

जाहिरात कंपनीत तिला सगळे फुलस्टॉप म्हणत. बाकीचे मजकूर लिहितात आणि ही नुसती पूर्णविराम देते, इतकी तिची वाक्यं तोकडी. वाहतूक खात्याचं काम आलं तेव्हा साहेबांनी ते तिच्याच गळ्यात मारलं. गाडी चालवताना फोनवर बोलू नका, हे लोकांच्या मनावर ठसवायचं होतं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "घाबरवून सोड सगळ्यांना."

तिने चित्रं करून घेतली. फुटलेली काच, रस्त्यावर पडलेला एकच बूट. ती घेऊन ती एका गॅरेजात गेली. गाडी दुरुस्त होईपर्यंत तिथे माणसं रिकामी बसलेली असतात, बोलायला तयार असतात. बाकड्यावर पार्सलं पोचवणारा एक जण होता. त्याने चित्रं पत्त्यांसारखी भराभर खाली टाकली.

"असलं काही दिसलं की आम्ही मान फिरवतो, मॅडम. मला रोज गाडीच चालवायची आहे."

"मग फोन उचलायचं कसं थांबेल?"

"ऑफिसचा नाही उचलत मी. गिऱ्हाइकाचाही नाही. घरचा मात्र उचलावाच लागतो. नाही उचलला तर आई परत करते. मग बायकोला करायला लावते. मग दोघी मिळून रडायला बसतात."

बाकड्यावरचे सगळे हसले. प्रत्येकाच्या घरी अशी एक तरी बाई होती.

परतताना तिच्या लक्षात आलं, आपण भलत्याच माणसाशी बोलतोय. सांगायला हवं ते फोन करणाऱ्याला. तेही दटावून नाही, कारण तो बिचारा काळजीपोटीच करतो. त्याला एक सोपी सवय लावायची. फोन लागला की आधी विचारायचं, गाडीवर आहेस का? हो म्हटलं की "पोचल्यावर बोलू" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. साहेबांना ते पटलं. वाहतूक खात्याच्या बाईंना तर इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे आपल्या आईला फोन लावून ते वाक्य म्हणून पाहिलं.

आता आवाज हवा होता, आणि तो नटाचा असून चालणार नव्हता. खात्याच्या बाईंनी एका शिंप्याचा पत्ता दिला. त्याची मुलगी स्कूटरवरून घरी येताना गेली होती. फोन कानाला होता आणि त्यावर नाव होतं, बाबा.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. दुकान एवढंसं, एक मशीन, एक टेबल, भिंतीला न शिवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या. फुलस्टॉपने चाचरत विषय काढला. मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला आणि सगळं ऐकून घेतलं.

"लहानपणी इतकी गोल होती ना, आम्ही तिला बटण म्हणायचो," ते म्हणाले. "मोठी झाली तरी बटणच. तिच्या ऑफिसातल्या मुली घरी आल्या तेव्हा मी हाक मारली, तर किती चिडली माझ्यावर." मग म्हणाले, "येतो मी. सांगतो. फक्त आमच्या घरातून दुसरं कुणी बोलणार नाही. तिच्या आईला काही विचारायचं नाही. हे कबूल असेल तर."

तिने कबूल केलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काचेमागच्या खोलीत मास्तर शर्टाचं वरचं बटण लावून बसले. तिने लिहून दिलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला.

"फोन मी केला होता," ते माइकमध्ये म्हणाले. "जेवलीस का, एवढंच विचारायचं होतं. ती म्हणाली, हो बा... आणि पुढे काही ऐकू आलं नाही. पोचल्यावर विचारलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही पोचल्यावर बोला."

यंत्रावर बसलेल्या माणसाने कानावरचे हेडफोन काढले आणि तो बाहेर निघून गेला. पुन्हा रेकॉर्ड करायची गरज पडली नाही.

मोहीम जोरात चालली. रेडिओवर मास्तरांचा आवाज, बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरात ते वाक्य. लोकांच्या तोंडात ते इतकं बसलं की नवरा-बायकोही भांडण थांबवायला "पोचल्यावर बोलू" म्हणू लागले. साहेब खुशीत होते. खात्याच्या बाई सांगत होत्या की चौकात फोन कानाला लावलेली माणसं खरंच कमी दिसतायत.

दुकानात मात्र वेगळंच चाललं होतं. काही जण येऊन मास्तरांचे हात हातात घेत आणि निघून जात. एका बाईंनी शिवायला टाकलेलं कापड तसंच परत नेलं. तुमच्याकडचे कपडे घालवणार नाहीत माझ्याच्याने, असं म्हणाल्या. आणि एका रविवारी मास्तरांचा मेहुणा घरी आला. भाचीवर त्याचा भारी जीव होता. जेवताना मध्येच तो ताडकन उठला.

"तू मारलंस तिला," तो मास्तरांना म्हणाला. "वर रेडिओवर सांगत सुटलायस. लाज कशी वाटत नाही?"

मास्तर खाली मान घालून बसले. त्यांची बायको शेजारीच होती. ती भाजी वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची बायको जाहिरात कंपनीत आली. फुलस्टॉपने तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. तिने पाण्याला हात लावला नाही.

"तुम्ही लिहिता ना ते सगळं?"

"हो काकू."

"मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही? जेवलीस का, हे कुठला बाप विचारतो हो? आमच्याकडे तर त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नाही. तो माझा प्रश्न आहे." तिने पदर मुठीत धरला. "फोन मी केला होता."

जाहिरातीतलं सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य तेवढंच उसनं निघालं होतं.

"माझा आवाज घ्या," काकू म्हणाल्या. "माझ्या भावाने माझ्यासमोर त्यांना खुनी ठरवलं आणि मी भाजी वाढत राहिले. आता नाही सहन होत."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मोहीम अर्ध्यावर होती. हे बाहेर फुटलं तर लोक म्हणतील सगळंच रचलेलं. "आत्ता नको," ते फुलस्टॉपला बाजूला घेऊन म्हणाले. "महिनाभर दम धर. मग हळूच बघू."

"त्या आत्ता आल्यात, साहेब."

"लावायचं की नाही ते मी ठरवणार."

"लावू नका हवं तर. ऐकून तरी घेऊ."

काकूंना काचेमागे बसवलं. तोवर मास्तर आले. काकू इथे आल्याचं कळताच दुकान तसंच उघडं टाकून ते धावत आले होते, गळ्यात मापाची टेप लोंबत होती. "तिला बाहेर काढा," ते म्हणाले. पण काकूंनी बोलायला सुरुवात केली होती.

"फोन मी केला होता. माझ्या नवऱ्याचं त्यात काही नाही. मी त्यांचा फोन घेतला आणि तिला लावला."

मास्तरांनी मान हलवली. एवढं त्यांना माहीत होतं.

"त्यांना मी सांगितलं की माझा फोन बंद पडला होता. तो बंद नव्हता. आधी मी माझ्याच फोनवरून केला होता, तिने उचलला नाही. गाडीवर असली की ती माझा उचलायची नाही, वैतागायची. आई, तू उगाच करतेस, म्हणायची. बाबांचा मात्र लगेच उचलायची. ते कामाशिवाय कधी करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणून मी त्यांच्या फोनवरून केला. तिने तो उचलावा म्हणून."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, तिची गुंडाळी केली, पुन्हा सोडली. काकूंनी काचेतून त्यांना पाहिलं आणि त्या थांबल्या. मास्तर वळले आणि जिना उतरून गेले. त्या मागून धावल्या नाहीत. खुर्चीतच बसून राहिल्या, माइकला, तो कुणी जिवंत माणूस असल्यासारखा, एक हात लावून.

खात्याच्या बाईंनी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. "हेच लावा," त्या म्हणाल्या. "आधीचं का बदललं, तेही सांगून टाका." साहेबांनी नाइलाजाने ते लावलं. एका वर्तमानपत्राने नाटक म्हणून झोडपलं, दुसऱ्याने डोक्यावर घेतलं. आठवड्याभरात दोन्ही शांत झाली. काकूंचा आवाज मास्तरांच्या आवाजापेक्षा लोकांना जास्त लागला. रेडिओवर तो सुरू झाला की दुकानांत लोक बोलणं थांबवायचे. मेहुणा एकदा मास्तरांच्या दुकानाशी आला, बाहेर उभा राहिला आणि आत न येताच गेला.

मास्तर काही दिवस दुकानातच राहिले. पुढे घरी आले. आता बोलतात का, असं फुलस्टॉपने एकदा भीतभीत विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "बोलतात की. मीठ कुठंय, दूधवाला आला का. घर चालायला पुरेल एवढं."

मोहिमेला मोठं बक्षीस मिळालं. साहेबांनी ते दाराजवळच्या कपाटात मांडलं. फुलस्टॉप त्या कपाटाकडे न बघता ये-जा करायला शिकली. तिला हेच काम चांगलं जमतं, असं आता सगळीकडे झालं होतं, आणि पुढची अशी दोन कामं तिच्या टेबलावर येऊन पडली होती.

गाडीचा परवाना काढायला येणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी खात्याने सभा ठेवायला सुरुवात केली. काकू तिथे बोलायला जात. पहिल्या सभेला मास्तर त्यांना घेऊन आले, म्हणजे एकाच बसमधून आले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. फुलस्टॉपही होती. काकूंनी तेच सांगितलं, तितक्याच साधेपणाने. मधल्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला. मांडीवरच्या पर्समध्ये तिचा फोन घरघरत होता, तो तिने दाबून बंद केला.

"रागवू नका," ती म्हणाली. "पण तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला माफ केलं का?"

काकूंनी माइक दोन्ही हातांत धरला. "ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारण्याआधी पोरीला विचारावं लागेल, आणि ते आता कुठे विचारू?"

मग खात्याच्या अधिकाऱ्याने आभार मानले आणि लोक उठले. हॉल पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामा करून द्यायचा होता. मास्तर शेवटच्या रांगेतून उठले आणि खुर्च्या दुमडून भिंतीला लावू लागले. थोड्या वेळाने काकू व्यासपीठावरून खाली आल्या आणि दुसऱ्या टोकाकडून खुर्च्या दुमडायला लागल्या. फुलस्टॉप त्यांच्या मदतीला निघाली होती, पण मध्येच थांबली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.