खिंडीपलीकडे

"आबी-ले, तुम्ही मागं बसा. पाहुण्यांना फोटो काढायचेत," ड्रायव्हर जिग्मेत म्हणाला.

"आणि मी काय डोळे मिटून बसू? पुढची जागा कालच सांगून ठेवली होती मी." कुन्झेस आबीनं, म्हणजे कुन्झेस आजीनं, पुढचं दार धाडकन ओढून घेतलं.

लेहहून निघालेल्या गाडीत बाकीचे चौघे दिल्लीचे होते. खिंडीपर्यंत जायचं, तिथल्या उंचीच्या फलकापाशी फोटो काढायचे आणि परत फिरायचं, एवढीच सहल. आबीनं याच रस्त्यावर तीस वर्षं खडी फोडली होती, डांबर ओतलं होतं. त्या धुरानं तिची छाती कामातून गेली. डॉक्टरांनी उंचावर जायची सक्त मनाई केली होती. सकाळी तर लेक लामो दारातच आडवी उभी राहिली.

"उभा जन्म त्या रस्त्यावर घातलास, आमा. अजून काय बघायचं राहिलंय?"

"बघायचंच राहिलंय," असं म्हणून आबी तिच्या हाताखालून निसटली होती.

खिंडीत पोचेपर्यंत तिच्या छातीतून शीळ वाजू लागली. पाहुणे फलकाकडे धावले. आबी उलट्या दिशेनं, रस्ता पलीकडे उतरत होता तिकडे चालू लागली.

जिग्मेत मागून पळत आला. "आबी-ले, कुठं निघालात? काही झालं तर तुमची लेक मला सोलून काढेल!"

"आमचा ट्रक इथूनच मागं वळायचा. पलीकडे दुसरी टोळी. पलीकडे काय आहे म्हणून विचारलं, की मुकादम म्हणायचा, तुला काय करायचंय? तू खडी टाक."

"अहो, पलीकडेही असलेच डोंगर आहेत."

"असू देत. माझे मी बघेन."

तो हात टेकून परत गेला. आबी दहा पावलं चालायची, थांबायची, दम खायची. असं करत तिनं वळण गाठलं.

डोंगर खरंच तसलेच होते, तांबूस आणि उघडेबोडके. खूप खाली दरीत हिरवी रेघ होती, आणि अलीकडे रस्त्यावर तोंडाला फडकी बांधलेल्या पाच-सहा बाया वाकून खडी पसरत होत्या.

मागं हॉर्न वाजला. आबी कठड्यावर बसली.

"वर बघा गं!" तिनं हाक मारली. वाऱ्यानं ती नेली. खाली कुणीच हललं नाही.

पुन्हा हॉर्न वाजला, या खेपेला लांबलचक. आबीनं वळूनही पाहिलं नाही. कठडा घट्ट धरून ती दुसऱ्या हाकेपुरता श्वास गोळा करू लागली.