बाईंची करंगळी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे, आपोआप वाजणारा. माझ्या पट्ट्या आपसूक खाली-वर होताना पाहून लोकांचे डोळे विस्फारतात. भुताटकी म्हणणारेही भेटले. पण खरे सांगू, मला स्वतःच्या मनाने एक सूरही काढता येत नाही. माझ्या पोटात भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते. भोक आले की हवा आत ओढली जाते आणि हातोडी तारेवर पडते. भात्याने जोरात ओढले तर सूर ठसठशीत, हलके ओढले तर हळुवार. तो जोरसुद्धा कागदाच्या कडेची भोकेच ठरवतात.

कारखान्यात माझ्या रबरी नळ्या जोडता जोडता कामगारांच्या नाकी नऊ आले होते. तिथून मी बाईंच्या घरी आलो. त्या पियानो शिकवत. एकदा त्यांचे वाजवणे यंत्राने कागदावर टिपून घेतले. मध्येच त्यांची करंगळी घसरून शेजारच्या पट्टीवर पडली. टिपणारा ती चूक काढणार होता, पण बाई म्हणाल्या, "राहू दे. तेवढंच माझं माणूसपण."

पुढे संधिवाताने त्यांची बोटे आखडली. मग त्या रोज दुपारी माझ्यासमोर बसून त्या कागदावरून स्वतःलाच ऐकत. ती चूक आली की गालातल्या गालात हसत.

काही वर्षांनी माझे भाते फाटले आणि मी मुका झालो. माझ्यावर कपड्यांच्या घड्या साठल्या. शेवटी बाईंच्या मुलीने दुरुस्तीवाला आणला. माणूस भला होता. त्याने भाते नवे केले, आणि जाता जाता ते चुकीचे भोकही कागदाचा तुकडा चिकटवून बुजवले.

"आता नाव ठेवायला जागा नाही," तो म्हणाला.

बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. "हे कोण वाजवतंय?"

"तूच की, आई," मुलगी म्हणाली.

"मी नाही. माझी करंगळी कुठे गेली?"

दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला. "चिकटवलेला तुकडा काढायला गेलो तर कागदच फाटेल, बाई."

तेव्हापासून बाई रोज ती चुकीची पट्टी स्वतःच्या करंगळीने दाबायला बसतात. आखडलेली करंगळी उचलेपर्यंत ती जागा निघून जाते. बोट पडते ते उशिरा, भलत्याच सुरांत. थांबावे असे मला फार वाटते, पण कागदात थांबणे नाही. एवढ्या तारा असून मी त्या कागदाचा कैदी आहे.

"उद्या बघू," असे म्हणून बाई उठतात.

मित्रांनो, माझ्या पट्ट्यांखाली वेग कमी करायचा एक छोटा दांडा आहे. मुलगी तो रोज पुसून लख्ख ठेवते, पण आईशेजारी कधी बसत नाही. जुन्या वस्तू पुसा, दुरुस्तही करा, पण आधी त्यांच्या माणसापाशी घटकाभर बसा. आणि इकडे आलात, तर ती जागा येण्याआधी तेवढा दांडा मागे ओढा. बाईंचे बोट वाटेत असते, आणि मला थांबता येत नाही.