उपासाचं पाणी

"उपासाच्या दिवशी आपलं पाणी आपण वेगळं ठेवावं, कालिंदी. आणि व्रताची दवंडी पिटू नये." सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, तरी दर सोमवारी कलकत्त्यात बेहाल्याच्या बसमध्ये चढताना हे बोल कालिंदीच्या कानांत यायचेच. एका संशोधनशाळेत ती काचसामान धुवायच्या कामाला होती. उकळून गार केलेल्या पाण्यात ग्लुकोज घालून ती एका स्वच्छ बाटलीत भरी आणि खिडकीच्या फळीवर ठेवी. दिवसभर तेवढंच पोटात. बाटलीला चिठ्ठी लावायची तर व्रताची जाहिरात झाली असती, म्हणून ती कधी लावली नाही. शेजारीच लीनाच्या मिठाच्या पाण्याची तशीच बिनचिठ्ठीची बाटली असे.

लीना बदलीवर आलेल्या एका बँक अधिकाऱ्याची मुलगी, इथे संशोधन करणारी. पुरुषाच्या शुक्रजंतूंच्या अंगावर साखरेचं अस्तर असतं; अबईच्या शेंगांतल्या बियांचा अर्क त्या साखरेला धरतो, मग जंतू एकमेकांना जखडतात आणि पोहणं थांबतं. हे तिला सिद्ध करायचं होतं. पहिल्यांदा ऐकून कालिंदी लाजेनं चूर झाली होती. आता सूक्ष्मदर्शकातून बघून तीच म्हणे, "गाठोडं झालं गं."

पण पंच्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये काही दिवस गाठोडं होईचना. संशोधनशाळेच्या प्रमुख डॉक्टरसाहेबांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत मेळ लागला नाही, तर हे काम बंद."

गुरुवारी लीना वहीवर पेन आपटत बसली होती.

"काकू, माझ्या हाताला गुणच नाही."

"हाताला काय धाड भरलीय? जेवलीस का ते सांग."

"चार, अकरा, पंचवीस. या तीन तारखांना मेले खुशाल पोहत राहिले. अठराला मात्र जखडले. अर्क तोच, बिया त्याच."

कालिंदीला तारखा वारानंच कळायच्या. चार, अकरा, पंचवीस, तिन्ही सोमवार. पण अठराही सोमवारच. आणि मग तिला आठवलं. त्या सोमवारी एकादशी आली होती, तिनं निर्जळी धरली होती. फळीवर तिची बाटलीच नव्हती.

तोंडात नामस्मरण चालू होतं, पण नाम सारखं निसटत होतं. एकच चंबू तिनं तीनदा पुसला. गप्प राहिलं तर? सोमवारपासून बाटली पिशवीत ठेवली की कुणाला कळणार होतं? नोकरी हंगामी, दरवर्षी साहेबांच्या सहीवर चालणारी. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. पण उद्या या पोरीचं काम बंद होणार होतं.

"लीना, अर्क कुठल्या पाण्यात पातळ करतेस?"

"खिडकीतल्या. का?"

"सोमवारी तिथे दोन बाटल्या असतात. एकीत माझं उपासाचं ग्लुकोज असतं. दुपारी पाणी कमी झालेलं दिसायचं. मला वाटायचं, उन्हानं आटलं."

लीना बघतच राहिली. मग धपकन स्टुलावर बसून हसायला लागली. "म्हणजे उपास तुमचा आणि पारणं त्यांचं?"

"चेष्टा नको गं. चुकलं माझं."

लीनानं उठून जखडलेल्या थेंबात ग्लुकोजचं पाणी सोडलं आणि भिंगाला डोळा लावला. बऱ्याच वेळानं ती बाजूला झाली. "बघा."

गाठोडं सैल होत होतं. एक सुटला, शेपूट झटकत निघाला. मग दुसरा.

"अर्क तुमच्या साखरेलाच धरून बसला, काकू. जंतूंना धरायला हात उरला नाही. म्हणजे त्यांच्या अंगावरही तशीच साखर आहे. मला हेच तर हवं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "साहेबांना मी एवढंच सांगते, की ग्लुकोज घालून पाहिलं. तुमचं नाव कशाला? ते आधी तुम्हाला घरी बसवतील."

"आणि त्या तीन सोमवारांपुढे काय लिहिशील?"

लीना वहीतल्या त्या तारखांवरून बोट फिरवू लागली.

"खोटं लिहू नकोस. उद्या दहाला मीच सांगेन. शब्द देते तुला."

शुक्रवारी कालिंदीनं सगळ्या बाटल्या नेहमीसारख्या धुऊन पालथ्या घातल्या. दहाला पाच कमी असताना तिनं पदराला हात पुसले, लीनाला नुसती मान हलवली आणि साहेबांच्या खोलीकडे जाणारा जिना चढायला लागली.