खिंड बंद होण्याआधी

"फुंका, फुंका, फुंका... अजून, अजून, सोडू नका काकू!" तपासणी करणारी मुलगी शर्यतीच्या कडेला उभी असल्यासारखी ओरडत होती. स्टोअरकीपरची बायको डोळे घट्ट मिटून त्या प्लॅस्टिकच्या नळीत फुंकत होती, आणि पडद्यावरची रेघ वर वर चालली होती.

स्टोअरकीपर आपली पाळी आटोपून बाकावर बसला होता. त्याची रेघ पडद्याच्या निम्म्यावरही पोचली नव्हती. तीनदा फुंकून झाल्यावर त्या मुलीने त्याला चौथ्यांदा फुंकायला लावलं होतं आणि मग, "राहू द्या काका," असं इतक्या हळुवारपणे म्हणाली होती की त्याला तिचा रागच आला होता.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "काकू, तुमची फुप्फुसं विशीतल्या मुलीसारखी आहेत. खुशाल जा." मग चष्मा काढून ते त्याच्याकडे वळले. "काका, तुम्ही मात्र एवढ्या उंचीवर जायचं नाही. इथे दोन जिने चढलात की बसावं लागतं तुम्हाला. तिथे हवाच विरळ. नुसतं पडून राहिलात तरी दम लागेल."

"गोळ्या घेऊन?"

"गोळ्या घेऊनही नाही."

पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात त्याने एकतीस वर्षं काढली होती. पाइप, व्हॉल्व्ह, मीटर आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेली ब्लीचिंग पावडरीची पोती. ती पोती त्याच्या छातीत कधी येऊन बसली, ते त्याला कळलंही नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक म्हातारा सर्वेक्षक आपलं सामान जमा करायला आला होता. बूट, दोर, कंपास एकेक काउंटरवर ठेवत त्याने डोंगरांपलीकडच्या त्या उंच देशाबद्दल सांगितलं होतं. तिथे झाडं नाहीत, तिथली तळी खारट आहेत, आणि कुणी मैलभरावर बोललं तरी शब्द ऐकू येतो. पावतीवर सही करता करता स्टोअरकीपरने मनाशी ठरवून टाकलं, एकदा जायचं. तेव्हापासून त्याने एक फाइल ठेवली होती. कात्रणं, नकाशे, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पानंच्या पानं. कधी जावं, कधी जाऊ नये, काय न्यावं, कोणत्या दिवशी किती चढावं. मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग सासूबाईंचं आजारपण, असं करता करता निवृत्ती आली. आता कुठे वाट मोकळी झाली होती.

बायकोला त्या देशाचं कधीच वेड नव्हतं. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची आणि तो फाइल उघडून बसला की मान वर न करता म्हणायची, "बघा, तुमचं माहेर बघा." तयार झाली ती त्याच्यासाठी, आणि बँकेत नोकरीला असलेली तिची धाकटी बहीणही बरोबर येणार होती म्हणून.

बसमधून परत येताना तो एका वाक्याची वाट पाहत होता. ते वाक्य असं: 'तुम्ही नाही, तर मी तरी कशाला जाऊ?' त्यावर काय बोलायचं, तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. 'अगं, वेडी की काय, जा की!' असं मोठ्या मनाने म्हणायचं, तिने नको नको म्हणायचं, आणि मग दोघांनी मिळून तो बेत सोडून द्यायचा.

तीन थांबे गेले. बायको खिडकीबाहेर बघत होती. मग ती म्हणाली, "मग मी आणि धाकटीच जाऊन येऊ."

"हो तर," तो म्हणाला. "जा की."

रविवारी धाकटी मेव्हणी डायरी घेऊन हजर. "भाऊजी, तुम्हीच सांगा, जायचं कधी? तुमच्याएवढं माहीत असणारं माणूस आहे का दुसरं कुणी?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पावसाने घसरलेले रस्ते तोवर साफ होतात, आभाळ धुतल्यासारखं असतं, रात्री गारठा पडतो पण सोसतो. हे तो झोपेतूनही सांगू शकला असता.

बायको तिच्या शेजारी बसली होती. कानशिलं लाल झालेली, डोळ्यांत एखाद्या शाळकरी मुलीची उत्सुकता. पस्तीस वर्षांत असला चेहरा त्याने पाहिला नव्हता, आणि आज तो पाहायला मिळाला तो त्याच्याशिवाय जायच्या आनंदात.

"ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा," तो म्हणाला. "गर्दी अजिबात नसते."

हे खोटं नव्हतं. गर्दी नसायचीच, कारण पंधरा ऑक्टोबरच्या सुमारास त्या देशाकडे नेणारी खिंड बर्फाने बंद व्हायची आणि पायथ्याच्या नाक्यावर आडवा दांडा पडायचा. जिवाला धोका नव्हता. दोघी दोन दिवस पायथ्याच्या धर्मशाळेत बसून परत फिरतील, एवढंच. तो देश त्याला दिसणार नव्हता, तर तिलाही दिसायला नको. मेव्हणीने तारीख डायरीत लिहून घेतली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमचे उपकार!"

त्यानंतरचे दिवस त्याला वैऱ्यासारखे गेले. बायकोने नवे बूट आणले. बूट आधी पायात मुरवायला हवेत हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण ती ते घालून घरभर फिरू लागली. भाजी चिरताना बूट, मशीनवर बसताना बूट. टाप, टाप, टाप. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तो ते ऐकत बसायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माप द्यायला आलेल्या बायका दारातूनच विचारायच्या, "जाताय म्हणे!" आणि ती हसायची. त्याला कुणी काही विचारायचं नाही. एकीने विचारलं, "काका, मग जेवायची काय सोय?"

संध्याकाळी ती गच्चीचे तीन जिने दहा-दहा वेळा चढायची आणि खाली येऊन म्हणायची, "काही नाही हो, जरासुद्धा दम लागला नाही!" आपण हे कुणाला सांगतोय याचं तिला भान नसायचं. की असायचं? तो रात्री कुशीवर वळून तिचा श्वास ऐकायचा. संथ आणि खोल, तळापर्यंत जाऊन येणारा. एकाच घरात इतकी वर्षं राहून ती एवढी हवा एकटीच घेत होती, असं काहीतरी खुळचट त्याच्या मनात यायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. पण तारखेचं मात्र तो बोलला नाही.

ऑगस्ट लागता लागता एका सकाळी तो किराणा घेऊन आला तर फाइल शिलाई मशीनवर उघडी पडलेली होती. तिच्यावर बायकोचा चष्मा होता. उघडं होतं ते पान त्याच्याच अक्षरातलं, खाली लाल शाईच्या दोन रेघा: 'पंधरा ऑक्टोबरनंतर जाऊ नये. खिंड बंद.'

बायको आत इस्त्री करत होती. त्याने पिशवी ठेवली, पाणी प्यायला, पुन्हा प्यायला. जेवताना पान वाढून झाल्यावर ती म्हणाली, "तारीख बदलली आम्ही. सात सप्टेंबर."

"का?"

"धाकटीला रजा तेव्हाच मिळतेय."

ती सरळ ओरडली असती तर बरं झालं असतं. बहिणीपुढे तिने त्याची अब्रू झाकली होती, आणि आता त्याच्यापुढेही झाकत होती.

"तू फाइल वाचलीस," तो म्हणाला.

"वाचली. सगळी वाचली. चार दिवस वाचत होते."

"मग बोल ना काहीतरी."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि समोर येऊन बसली. "तुम्ही मला एकदा सरळ म्हणायचं होतं, जाऊ नकोस म्हणून."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"थांबले असते," ती म्हणाली. "म्हणूनच तर मी विचारलं नाही."

तिने त्याचं ताट थोडं बाजूला सरकवलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, जन्मभर मी लोकांची मापं घेतली. छाती, कंबर, बाही. त्या दिवशी दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं माप घेतलं आणि चांगलं आहे म्हणालं. मला बघायचंय, ते कुठवर नेतंय मला. तुमचा देश मी चोरत नाही हो."

"चोरतेसच," तो म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं. "मला हेवा वाटतो तुझा. तुझ्या बुटांचासुद्धा वाटतो."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "माहितेय मला. तुम्ही वर्तमानपत्र उलटं धरलं होतंत एक दिवस."

निघायच्या तीन दिवस आधी मेव्हणीने आणलेला बोजड कोट पलंगावर पडला होता. गादीएवढा जाड. जाता-येता स्टोअरकीपरची नजर त्याच्यावर पडायची आणि त्याला राहवायचं नाही. शेवटी त्याने तो उचलून बाजूला ठेवला. "हा कुणाच्या डोक्यातून निघाला? एक जाड कपडा काही कामाचा नाही. पातळ पातळ चार घालायचे, एकावर एक. ऊन आलं की काढायचे, ढग आला की घालायचे. आण इकडे ती बॅग."

मग त्याने दुपारभर बॅग भरली. भांडारात भरायचा तशी, लागणारं वर, जड ते तळाशी. अंगालगत घालायचे लोकरीचे दोन जोड. पातळ मोजे आणि त्यांवर जाड मोजे. कान झाकणारी टोपी. काळा चष्मा, ओठांना लावायचं मलम, उन्हाचं मलम. "थंडीत टॉर्चची बॅटरी बसते, ती निजताना पांघरुणात घ्यायची. पहिले दोन दिवस काही बघायला जायचं नाही, नुसतं बसायचं. तहान नसली तरी पाणी. डोकं फार दुखलं तर वर जायचं नाही, खाली यायचं. धाकटी काही म्हणू दे." प्रत्येक वस्तू हातात घेताना बायकोचा हेवा त्याला डसत होताच. पण हात शिकलेले होते, ते चुकत नव्हते. बॅग भरून झाल्यावर त्याने ती एका हाताने उचलून पाहिली, काहीतरी पुटपुटला आणि त्यातला एक टॉवेल काढून टाकला.

दोघी निघाल्या, त्याच्या दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अहो, मी... बोलतेय." ती धापा टाकत होती. "पोचलो... खिंडीच्या माथ्यावर."

तो उठून उभा राहिला. "डोकं दुखतंय?"

"थोडं."

"बस खाली. दगडावर नको, गार असेल. पाणी प्यायलीस? टोपी?"

"सगळं... केलंय."

त्याला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "कसं आहे गं?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "काही दिसत नाहीये हो. सगळं ढगाळ आहे."

तेवढ्यात मागून मेव्हणीचा आवाज आला, लांबून, पण शब्दन् शब्द स्वच्छ. "ताई! अगं, तिकडे बघ! पलीकडचा सगळा देश दिसतोय!"

स्टोअरकीपर फोन कानाला धरून उभा होता. त्याने भिंतीचा आधार घेतला.

"असतं कधी कधी ढगाळ," तो म्हणाला. "उद्या उघडेल. आता बोलू नकोस, दम लागेल."

तिने फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. तिचा श्वास आज तोकडा होता, त्याच्यासारखाच, आणि तो श्वास हळूहळू जागेवर येईपर्यंत स्टोअरकीपर तसाच भिंतीला टेकून ऐकत राहिला.