चार किलो वजन

"बॅगच काढून टाका, कांताबाई," मॅनेजर धनराजभाऊ म्हणाले. "अशा उन्हात विमान जड उठते. अन् दोन घंट्याचं तर काम आहे."

कांतानं बॅगेवरचा हात उचलला नाही. चंद्रपूरजवळच्या त्या लहानशा धावपट्टीवर नऊ वर्षं ती प्रत्येक उड्डाणाआधी संकटकाळाची बॅग भरत आली होती. मलमपट्टी, शिट्टी, आरसा, काडेपेटी, दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या चार बाटल्या. बॅग उघडायची वेळ कधी कुणावर आली नव्हती, म्हणून सगळ्यांना ते तिचं खूळ वाटे.

"जंगलावरून चालले ते, भाऊ. बॅग जाईन."

"मंग चार किलो तरी कमी करा."

विमानात पायलट अश्वजित घड्याळ पाहत होता. मागं जंगलाचे फोटो काढणारा चिमूरचा स्वप्निल कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता. कांतानं दोन बाटल्या बाहेर काढल्या आणि बॅग शेपटीकडं न ठेवता त्याच्या पायाशी बांधली.

"पाय मोडला तरी हात पोचला पाह्यजे," ती म्हणाली.

"बाई, तुमी मले भेवाडून राह्यल्या," स्वप्निल हसला.

साडेअकराला एटापल्लीच्या पलीकडून रेडिओवर अश्वजितचा आवाज आला, इंजिन बंद पडल्याचा. मग काहीच नाही.

त्या दिवशी पारा सेहेचाळीसवर होता. कांता रेडिओपाशी बसून राहिली. कुणी चहा दिला, तो तसाच निवला. मनातल्या मनात ती घोट मोजत होती. दोन माणसं, चार लिटर. संध्याकाळपर्यंत पुरेल. पण उद्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी शोधणाऱ्या हेलिकॉप्टरला झाडीतून आरशाची तिरीप दिसली. अश्वजित जिवंत सापडला. कमरेखाली दबलेला स्वप्निल सकाळीच गेला होता. जखमच तशी होती, डॉक्टर म्हणाले.

आठवड्यानं स्वप्निलची आई, गिरजाबाई, धावपट्टीवर आली. स्टोअरच्या पायरीवर टेकून तिनं विचारलं, "पिशवी तुमी भरली होती ना? पाणी पुरलं का माह्या पोराले?"

दारात उभ्या धनराजभाऊंनी कांताकडं पाहून हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून.

कांता गिरजाबाईसमोर उन्हात येऊन उभी राहिली. "नाई पुरलं, बाई. चार बाटल्या होत्या. वजनापायी दोन मी काढल्या, माह्या हातानं."



"मी काढाले लावल्या," दारातून धनराजभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

गिरजाबाईनं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. "दवाखान्यात तो पायलट म्हने, पुरलं. पोटभर पेला म्हने. सांगताना त्यानं एकदाबी वर पाह्यलं नाई."

ऊन पायरीवर चढत आलं होतं. कांता तशीच उन्हात उभी होती. जरा वेळानं गिरजाबाई भिंतीच्या सावलीत आत सरकली आणि कांतापुरती जागा करून दिली.