सगळ्यात उंच खांब

"हितनं पुढं राज्य तलवारीवर न्हाई, डेट्यावर चालणार!" भोरच्या दूध संस्थेचे अध्यक्ष आनंदराव गरजले आणि प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकून खजिनदाराच्या मांडीवर बसले. राज्य थोडा वेळ अंधारात गेले.

वायर पुन्हा खोचल्यावर भिंतीवर तीन खांब उगवले. गावोगावच्या दुधाची नोंद ठेवायला संस्थेला नवा डेटाबेस सर्व्हर घ्यायचा होता, आणि पुण्याच्या विक्रेत्याने तीन सर्व्हरच्या चाचण्यांचा तक्ता लावला होता. एक खांब बुटका, एक मध्यम, एक थेट छताला टेकलेला.

"उंच त्यो घ्या," आनंदराव म्हणाले. संचालकांनी माना डोलावल्या. त्या माना तेवढ्यासाठीच निवडून आल्या होत्या.

कॉम्प्युटर सांभाळणारी प्रेरणा उठली. "साहेब, हा उत्तर द्यायला लागलेला वेळ आहे. खाली लिहिलंय बघा, कमी तितकं चांगलं. उंच खांब म्हणजे सगळ्यात मंद. शिवाय ही चाचणी त्यांनी एकाच माणसाला बसवून घेतलीय. आपल्याकडं सकाळी गावोगावची दूध केंद्रं एकदम तुटून पडतात. आपल्याच नोंदी चालवून बघू, मग ठरवू."

विक्रेत्याने बोलायला तोंड उघडले. मग तोच उंच खांब आपल्या गोदामात धूळ खात पडला आहे हे त्याला आठवले. त्याने तोंडात बिस्कीट घातले.

"पोरी, फॅट कमी लागली तर दर चढतो का पडतो?" आनंदरावांनी विचारले. मंडळ खिदळले. "हनुमंतराव, तुमी बोला. तुमचा जल्म गेला दुधात."

सचिव हनुमंतरावांनी चष्मा पुसला. ती बारीक ओळ त्यांनी प्रेरणाच्या आधीच वाचली होती. वाचायचे आणि गिळायचे, यावर त्यांची नोकरी टिकली होती. आता ती महिनाअखेरीस संपत होती आणि मुदतवाढीचा अर्ज अध्यक्षांच्या बशीखाली सहीवाचून पडला होता. घरी बसायच्या विचारानेच त्यांना घाम फुटे. घरी त्यांना साहेब म्हणणारे कोणी नव्हते. प्रेरणा त्यांच्याकडे आशेने पाहत होती. तिला दुधाचा हिशेब त्यांनीच शिकवला होता.

"फॅट जास्त तेच दूध चांगलं," ते म्हणाले. "म्या ल्हानपणापासनं हेच ऐकत आलोय."

यात एक अक्षर खोटे नव्हते. आनंदरावांनी बशी उचलली आणि चहाच्या गोल डागावरच सही ठोकली.

उंच खांबाचा सर्व्हर आला, त्याला हार घातला, नारळ फुटला आणि पहिल्याच सकाळी पडद्यावर चकती फिरत राहिली. केंद्रांवर पावती निघेना. पावतीशिवाय कोणी दूध ओतेना. मार्गासनीच्या केंद्रावरून तिथल्या बंडूचा फोन आला, "अध्यक्ष, दूध पाठवू का हितंच विरजण लावू?"

विक्रेता फोनवर शांतपणे म्हणाला, "तक्त्यात दाखवला तेवढाच वेळ घेतोय, सर. आम्ही काही लपवलं नाही."

आनंदरावांनी तडकाफडकी चौकशी समिती नेमली, तिच्यावर हनुमंतरावांना बसवले आणि ते एका साखरपुड्याला निघून गेले.

प्रेरणाने सगळ्या केंद्रांना हाताने पावत्या लिहायला सांगितले आणि स्वतः खिडकीशी बसून लिहू लागली. बाहेर कॅन घेऊन रांग उभी होती. हनुमंतराव बराच वेळ तिच्या पाठीमागे घुटमळले.

"प्रेरणा, त्या दिवशी म्या... बोलणार हुतो गं. अगदी व्हटावर आलं हुतं."

तिने पावती फाडून खिडकीतून बाहेर दिली. मान वर केली नाही.

"काका, तेवढा पंखा बंद करता का? पावत्या उडतात."