गच्चीवरच्या कुरडया

त्या मे महिन्यात, १९८६ साली, गच्चीवर आई, मी, गोजरा आणि कावळे हाकायला बसवलेले बाबा होते. छत्रीखाली पेपर वाचता वाचता बाबांना डुलकी लागली होती आणि एक कावळा त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर येऊन बसला होता.

गोजरा वाशीच्या शाळेत माझ्या बाकावर बसायची. शाळा सुटली, मी शाळेत शिकवायला लागले, तिचं लग्न तिच्याच कोळीवाड्यात, सारसोळ्यात झालं. पण दर सुट्टीत ती यायचीच. आई तिथून येणाऱ्या मासेवालीबरोबर निरोप धाडायची. आम्ही मासे खात नव्हतो. मासेवालीशी ओळख निरोपापुरतीच.

"अगं हळू! सोऱ्या आहे तो, होडी नव्हे," आई ओरडली.

"काकी, चीक तुमचा घट्ट. माझा हात काय करनार?"

"ही कुरडई आहे की सुतळीचा गुंता?"

"तललं की सगल्या सारख्याच. आमचेकडं बोंबील वालतान, तुमचेकडं ह्या. वास तेवढा कमी!"

आई इतकी हसली की तिच्या हातची कुरडईही अर्ध्यातच कलंडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

घर माणसांनी भरलं. गच्ची कुणालाच आठवली नाही. गोजरा आली, माझ्याजवळ थोडा वेळ बसली आणि उठून वर गेली. तिने कुरडया उलटल्या. खडखडीत वाळेपर्यंत रोज येत राहिली. मग डबा भरून फळीवर ठेवला आणि गेली.

दिवाळीची सुट्टी लागली. वर्षाच्या आतली दिवाळी, म्हणून आमच्याकडे कढई चढणार नव्हती. सोसायटीतल्या बायकांनी फराळाचे इतके डबे आणले की बाबा म्हणाले, "आता चकलीचं दुकान काढू या." गोजरा मात्र आली नाही. निरोप धाडणारंच कुणी नव्हतं. फळीवरच्या डब्याकडे पाहताना मनात येई, ती आईसाठीच येत असली तर?

शेवटी तो डबा पिशवीत घातला आणि बस पकडली. इतक्या वर्षांत तिच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते.

गोजरा ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी डबा पुढे केला. "आमच्याकडे तळायचं नाही. तू तळशील?"

"ये कढईत मावरं तलतो आमी, स्मिते. काकीला चाललं असतं?"

"आईचं माहीत नाही. मला चालेल."

तरीही तिने कढई राखेने दोनदा घासली. तेल तापलं. पहिली कुरडई फुलून कढईभर झाली, वेडीवाकडी.

"ही माझी," गोजरा म्हणाली. "ही पन माझीच."

मग एक आली. अर्धी नेटकी, अर्धी कलंडलेली. गोजरा झारा धरून थांबली.

"ही काकीची. हसली होती ना तवा."

तिने ती निथळली, मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. चांगलीच गरम होती.

"गोजरा," मी म्हणाले, "निरोप आई धाडायची. पण वाट मी बघायचे."